पेन ड्राइव्ह, पेव आणि उतरवण्याचा अधिकार

१/ इ.स. २००६. परभणी शहरातील एका महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा. जिंतूर तालुक्यातील एका खेड्यातून शिकायला आलेला विद्यार्थी शेवटच्या रांगेतील संगणकाला एक छोटा एमपी-थ्री प्लेअर जोडतो. पडद्यावर काहीच घडत नाही. प्लेअरमध्ये त्याच्या आजोबांचा आवाज आहे, १९४८ सालच्या आठवणी सांगणारा. तो आवाज बाहेर का येत नव्हता, याचे उत्तर पस्तीस वर्षे मागे आणि अमेरिकेत जाते. हा थ्रेड त्या उत्तराचा.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा नाही. पुढचे तेरा महिने रझाकारांच्या दहशतीत गेले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या वेळी पंधरा-सोळा वर्षांची असलेली मुले २००६ मध्ये पंचाहत्तरीला टेकली होती.

३/ विद्यार्थ्याचे आबा त्यांपैकी एक. दिवाळीच्या सुटीत त्याने मित्राचा प्लेअर मागून आणला आणि ओसरीवर बसून आबांचे बोलणे तीन भागांत ध्वनिमुद्रित केले. पहिला भाग शाळेचा आणि उर्दूतून चालणाऱ्या कारभाराचा. दुसरा, हद्द ओलांडून वऱ्हाडात आश्रयाला गेलेल्या माणसांचा. तिसरा भाग पेवाचा.

४/ पेव म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, पोट मोठे. आत ज्वारी भरून तोंड दगडमातीने बंद करीत. जाणत्याखेरीज कोणाला ते कोठे आहे हे कळत नसे. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नसते, कारण कोंडलेली हवा जीवघेणी असते. तोंड बराच वेळ मोकळे ठेवायचे, दिवा सोडून पाहायचा, आणि मगच माणूस उतरवायचा. उघडण्याचा अधिकार आणि थांबण्याची शिस्त, दोन्ही जुन्या माणसांना ठाऊक होती.

५/ गावाने रझाकारांपासून लपवलेले एक पेव कोणीतरी दाखवून दिले. कोणी, हे आबांनी त्या तिसऱ्या ध्वनिमुद्रणात सांगितले. नाव घेतले. नातू चमकला, कारण ते आडनाव गावात अजून होते. त्याने पुढे काही विचारले नाही. आबाही थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पाणी आण बरं." ध्वनिमुद्रण तेथे संपले.

६/ प्लेअर मित्राला परत करायचा होता. त्याआधी तिन्ही फाइली कोठेतरी उतरवून घेणे आवश्यक होते. घरी संगणक नव्हता. प्रयोगशाळेतल्या संगणकांवर लिनक्स होते, कारण त्याला परवान्याचे पैसे पडत नसत. विद्यार्थ्याने पुस्तकात पाहून 'माउंट' ही आज्ञा टंकित केली. उत्तर आले, ते असे: हे काम फक्त रूटच करू शकतो.

७/ रूट म्हणजे त्या संगणकाचा सर्वाधिकारी वापरकर्ता. कोणतीही फाइल वाचणे, बदलणे, पुसणे, कोणाचेही खाते बंद करणे हे त्याच्या हातात असते. बाकीचे सगळे सामान्य वापरकर्ते. रूटचा पासवर्ड प्रयोगशाळा साहाय्यकांकडे होता. स्वतःच्या खिशातून आणलेली वस्तू स्वतः उघडण्याचा अधिकार मात्र विद्यार्थ्याकडे नव्हता.

८/ हा नियम कोणी केला? त्यासाठी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जावे लागते. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तेथे युनिक्सची सुरुवात केली. तिच्या मार्गदर्शिकेच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. 'माउंट' आणि तिची उलट आज्ञा 'यूमाउंट' त्या पहिल्याच आवृत्तीत सापडतात. 'अनमाउंट'मधला 'एन' तेव्हाच गळाला, तो आजतागायत परतलेला नाही.

९/ 'माउंट' हा शब्द शब्दशः घ्यावा. तेव्हाची साठवण म्हणजे चुंबकीय फितीची रिळे आणि चकत्यांचे जड संच. यंत्रचालक ते हाताने उचलून यंत्रावर चढवीत असे. म्हणून चढवणे आणि उतरवणे. पण संच यंत्रावर बसवला म्हणून संगणकाला तो दिसत नसे. 'आता अमुक यंत्रावर नवा संच आहे, तो अमुक ठिकाणी दाखव' असे त्याला सांगावे लागे. ते सांगणे म्हणजे माउंट.

१०/ युनिक्समध्ये सगळ्या फाइलींचे एकच झाड असते. मुळाशी मुख्य डिरेक्टरी, तिच्या फांद्या, फांद्यांना फाइली. नव्या चकतीवर स्वतःचे एक छोटे झाड असते. माउंट केल्यावर ते मोठ्या झाडाच्या एखाद्या फांदीवर कलमासारखे बसते. त्या जागी आधी काही असेल, तर ते कलम असेपर्यंत झाकले जाते. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

११/ इतिहासाच्या वाचकांना ही रचना परकी वाटू नये. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्याला जोडला गेला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली परभणीतून वेगळा झाला. गावे तेथेच राहिली, माणसे तीच राहिली, पण ती कोणत्या झाडाची फांदी म्हणून मोजायची हे बदलले. आणि प्रत्येक वेळी तो निर्णय मुळाशी झाला, फांदीवर नव्हे.

१२/ १९७१ च्या मार्गदर्शिकेत 'त्रुटी' या सदराखाली माउंटबद्दल एक नोंद आहे. या सुविधेचा वापर सर्वाधिकारी वापरकर्त्यापुरता मर्यादित असायला हवा, असा तिचा आशय. म्हणजे आरंभी हे बंधन नव्हते, आणि ते नसणे ही त्रुटी आहे, असे निर्मात्यांनी स्वतःच लिहून ठेवले. २००६ मध्ये परभणीत आडवी आलेली भिंत त्या नोंदीतून उभी राहिली.

१३/ भीती कशाची होती? पहिली, वर सांगितलेली झाकण्याची. सामान्य वापरकर्त्याला कोठेही माउंट करता आले, तर तो पासवर्डांच्या डिरेक्टरीवर स्वतःची चकती चढवील आणि खऱ्या पासवर्डांऐवजी आपले दाखवील. दुसरी भीती अधिक सूक्ष्म आहे आणि तिचे मूळ डेनिस रिची यांच्याच एका सुंदर कल्पनेत आहे.

१४/ ती कल्पना 'सेटयूआयडी'ची. एखाद्या प्रोग्रामवर अशी खूण करता येते की तो कोणीही चालवला तरी मालकाच्या अधिकाराने चालेल. सामान्य माणसाला स्वतःचा पासवर्ड बदलता येतो तो यामुळेच. पासवर्डांची फाइल रूटची असते, पण बदलणारा प्रोग्राम तेवढ्यापुरता रूट होतो. १९७४ मध्ये रिची आणि थॉम्प्सन यांच्या युनिक्सवरील प्रसिद्ध निबंधात ही कल्पना आणि काढता येणारी फाइल-प्रणाली, दोन्हींचे वर्णन आहे. सेटयूआयडीचे अमेरिकी पेटंट १९७९ मध्ये रिचींना मिळाले.

१५/ आता दोन्ही कल्पना एकत्र ठेवून पाहाव्यात. एखाद्याने घरच्या संगणकावर, जेथे तो स्वतः रूट आहे, चकतीवर एक प्रोग्राम ठेवला, त्याची मालकी रूटची केली आणि सेटयूआयडीची खूण केली. ती चकती महाविद्यालयाच्या संगणकावर चढली, की प्रोग्राम चालवताच तो तेथेही रूट. कुलूप न तोडता घर ताब्यात. मुद्दाम बिघडवलेल्या चकतीने संपूर्ण यंत्रणा कोसळवता येते, ही आणखी एक भीती.

१६/ म्हणून नियम झाला: चढवणे आणि उतरवणे रूटचे काम. एका संगणकावर पन्नास जण काम करीत आणि चकत्या यंत्रचालकाच्या खोलीत असत, त्या काळाला हा नियम शोभून दिसे. ज्याच्या हाती चकती, त्याच्याच हाती अधिकार. नियमात अन्याय नव्हता. तो पुढे काळ बदलल्यामुळे शिरला.

१७/ २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपण एक कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. तिचेच पुढे लिनक्स झाले. युनिक्सची शिस्त तिने जवळजवळ जशीच्या तशी घेतली. मात्र आता संगणक टेबलावर होता, फ्लॉपी खिशात होती आणि यंत्रचालकाची खोली उरली नव्हती. घरातला एकटा मालकसुद्धा फ्लॉपीपुरता रूट होत असे आणि मग पुन्हा सामान्य होत असे.

१८/ यावर पहिला तोडगा निघाला तो 'एफएसटॅब' नावाच्या फाइलीत. कोणते उपकरण कोठे चढवायचे याची ती यादी. तिच्यात एखाद्या ओळीपुढे 'यूजर' हा शब्द लिहिला, की ते उपकरण सामान्य वापरकर्त्यालाही चढवता येते. ज्याने चढवले त्यानेच उतरवायचे. 'यूजर्स' असे अनेकवचन लिहिले, तर कोणीही उतरवू शकतो. एका अक्षराने अधिकार एकाचा की सर्वांचा, हे ठरते.

१९/ या 'यूजर' शब्दाबरोबर तीन बंधने आपोआप येतात. त्या चकतीवरील सेटयूआयडीची खूण मानायची नाही. तिच्यावरील उपकरण-फाइलींना उपकरण समजायचे नाही. तिच्यावरून थेट कोणताही प्रोग्राम चालवायचा नाही. आणि चढवण्याची जागा रूटने आधीच ठरवलेली असते, त्यामुळे झाकण्याची भीतीही संपते. म्हणजे दार उघडले, पण आत येणाऱ्याची झडती घेऊन.

२०/ हा तोडगा फ्लॉपीला आणि सीडीला पुरला. २००० च्या सुमारास पेन ड्राइव्ह आले आणि तो तोकडा पडला. फ्लॉपीचे यंत्र एकच आणि जागेवर असे. पेन ड्राइव्ह मात्र ज्या क्रमाने लावावा तसे त्याचे नाव बदलते, आज 'एसडीए', उद्या 'एसडीबी'. यादीत आधी ओळ लिहून ठेवायची तरी कोणाच्या नावाने? परभणीच्या त्या प्रयोगशाळेत अशी ओळ नव्हती.

२१/ साहाय्यक मनाने चांगले होते. "सर, जरा हे उघडून द्याल का?" म्हटल्यावर ते उठून आले, रूट झाले, प्लेअर चढवून दिला. विद्यार्थ्याने तिन्ही फाइली आपल्या खात्यात घेतल्या. साहाय्यकांनी प्लेअर उतरवला. "आता काढ," ते म्हणाले. पहिला दिवस असा सुखरूप पार पडला. फाइली संगणकात आल्या आणि प्लेअर मित्राकडे गेला. मित्राने त्यात लगेच गाणी भरली.

२२/ दोन आठवड्यांनी सूचना लागली: प्रात्यक्षिक परीक्षेसाठी सर्व संगणक नव्याने बसवले जाणार, आपापल्या फाइली काढून घ्याव्यात. विद्यार्थ्याने पैसे जमवून १२८ एमबीचा पेन ड्राइव्ह घेतला. साहाय्यकांनी तो चढवून दिला. या वेळी त्यांना एक पर्याय जास्तीचा लिहावा लागला, कारण रूटने चढवलेल्या अशा ड्राइव्हवर सामान्य वापरकर्त्याला वाचता येते, लिहिता येत नाही. मग ते दुसऱ्या इमारतीत परीक्षेच्या तयारीला निघून गेले.

२३/ विद्यार्थ्याने एकेक करून फाइली पाठवल्या. तिसरी आज्ञा दिल्याबरोबर संगणक पुढच्या आज्ञेसाठी तयार झाला. काम झाले, असे त्याला वाटले. आता उतरवायचे होते. त्याने 'यूमाउंट' लिहिले. उत्तर तेच: फक्त रूट. साहाय्यक नव्हते. जिंतूरची बस सुटायला थोडाच वेळ होता. त्याने पेन ड्राइव्ह तसाच ओढून काढला.

२४/ येथे यंत्राचे एक रहस्य सांगायला हवे. फाइल पाठवण्याची आज्ञा संपते तेव्हा फाइल पोहोचलेली असतेच असे नाही. पेन ड्राइव्ह संथ असतो, म्हणून लिनक्स मजकूर आधी स्वतःच्या स्मृतीत ठेवते, 'झाले' म्हणते आणि सवडीने, साधारण अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने, मागून लिहीत राहते. उतरवणे म्हणजे नुसता निरोप घेणे नव्हे. हातातले सगळे लिहून पूर्ण होईपर्यंत थांबणे, हा उतरवण्याचा खरा अर्थ आहे.

२५/ जिंतूरच्या एका इंटरनेट कॅफेत त्याने ड्राइव्ह लावला. तिन्ही नावे दिसली. पहिल्या दोन फाइली वाजल्या. तिसरीचा आकार शून्य होता. नाव पोहोचले होते, आवाज पोहोचला नव्हता. तो सोमवारी परभणीला परतला, तेव्हा संगणकांवर नवी प्रणाली बसलेली होती. जुन्या खात्यांचा मागमूस उरला नव्हता.

२६/ यात दोषी कोण, असा प्रश्न स्वाभाविक आहे. साहाय्यकांनी नियम पाळला. नियम १९७१ च्या शहाणपणातून आला होता. विद्यार्थ्याने घाई केली, पण थांबला असता तरी उतरवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. आणि तरीही त्याला एक गोष्ट करता आली असती. 'सिंक' नावाची एक आज्ञा आहे. स्मृतीत साचलेले सगळे ताबडतोब लिहून काढ, एवढेच ती सांगते. तिला रूट लागत नाही. ती कोणालाही देता येते. त्याला ती ठाऊक नव्हती.

२७/ अधिकार नसण्यापेक्षा असलेल्या अधिकाराची माहिती नसणे अधिक महाग पडते, ही गोष्ट इतिहासात अनेकदा दिसते. सरकारी दप्तर ज्या भाषेत असे ती रयतेला वाचता येत नसे, तेव्हाही असेच होई. आबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात उर्दू कागदावर अंगठा देणाऱ्या शेतकऱ्यांची हकीकत होती. ते ध्वनिमुद्रण वाचले.

२८/ खेदाची बाब अशी की तोवर जगात उपाय निघालेला होता. जुलै २००३ मध्ये हॅवॉक पेनिंग्टन यांनी एक लेख लिहून प्रश्न मांडला: यंत्र लावले की ते चालू का होऊ नये? त्यातून 'हॅल' हा प्रकल्प उभा राहिला. डेव्हिड झॉयटेन त्याचे प्रमुख विकासक. त्याच वर्षी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांचे 'युडेव्ह' आले, जे नव्याने लागलेल्या उपकरणाची दखल घेऊन त्याला नाव देते.

२९/ ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटूची पहिली आवृत्ती आली. मार्टिन पिट यांचे 'पीमाउंट' त्याच काळातले. यादीत आधी ओळ नसतानाही सामान्य वापरकर्त्याला काढता येण्याजोगे उपकरण चढवता यावे, यासाठी ते लिहिले गेले. त्याची अट साधी होती. उपकरण खरोखर बाहेरून लावलेले असावे, चढवण्याची जागा 'मीडिया' या डिरेक्टरीतच असावी, आणि झडतीची बंधने कायम राहावीत.

३०/ पुढे 'युडिस्क्स' आणि 'पॉलकिट' आले. त्यांनी प्रश्नच बदलला. 'तू रूट आहेस का?' याऐवजी 'तू या संगणकासमोर बसला आहेस का?' असे विचारले जाऊ लागले. समोर बसून ज्याने लॉगिन केले आहे, त्याने स्वतःचा पेन ड्राइव्ह चढवावा आणि उतरवावा. दुरून जोडलेल्याला पासवर्ड विचारावा. संगणकाच्या आतल्या चकत्यांना हात लावायचा असेल, तर समोर बसलेल्यालाही विचारावा. चकती ज्याच्या हाती त्याला अधिकार, हे १९७१ चे तत्त्व अशा रीतीने परत आले.

३१/ महाराष्ट्रात याचे एक बोलके उदाहरण २००७ चे आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील प्राथमिक शाळेत 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर फेडोरा लिनक्स आणि 'शुगर' हा मुलांसाठीचा पडदा होता. पेन ड्राइव्ह लावला की 'जर्नल'मध्ये त्याचे चित्र उमटे. रूट कोण, हा प्रश्न मुलांपुढे येतच नसे.

३२/ त्याच वर्षी सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली आली. पुढे मुंबईच्या आयआयटीने 'स्पोकन ट्युटोरियल'मधून लिनक्सचे पाठ मराठीतही उपलब्ध केले. इंटरनेट नसलेल्या महाविद्यालयांत ते चकतीवरून शिकवता येत. 'सिंक' म्हणजे काय, हे आपल्या भाषेत सांगणारा कोणी असणे किती मोलाचे, हे परभणीच्या त्या विद्यार्थ्याला विचारावे.

३३/ मग १९७१ ची भीती खोटी होती का? मुळीच नाही. विंडोजमध्ये पेन ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप चालू करण्याची सोय होती. २००८ च्या अखेरीस आलेला 'कॉन्फिकर' हा किडा पसरण्यासाठी तिचाही वापर करीत असे. झेरॉक्सच्या आणि फोटोच्या दुकानांतून पेन ड्राइव्हबरोबर घरी आलेले व्हायरस त्या पिढीला आठवत असतील. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या आवृत्त्यांतही ती सोय सुधारणेद्वारे बंद केली.

३४/ लिनक्सलाही किंमत द्यावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये पॉलकिटच्या एका साधनातील दोष उघड झाला, तो २००९ पासून तेथे होता. जून २०२५ मध्ये युडिस्क्सच्या वाटेने जाणारा आणखी एक दोष सापडला. एका विशिष्ट कामासाठी चकती तात्पुरती चढवताना झडतीची बंधने लावायची राहून गेली होती, आणि त्यामुळे समोर बसलेला सामान्य वापरकर्ता रूट होऊ शकत होता. रिचींच्या काळातली तीच युक्ती, चोपन्न वर्षांनी. दोष कळताच दुरुस्त्या आल्या.

३५/ म्हणून हा इतिहास 'बंधने वाईट, मोकळीक चांगली' असा सरळ नाही. दार कायम बंद ठेवले, तर आतले धान्य कुजते. झडती न घेता उघडले, तर कोणीही शिरतो. पेवाच्या जाणकारांना दोन्ही ठाऊक होते. पन्नास वर्षांत संगणकाच्या जाणकारांनी जे शोधले, ते दाराचे आणि झडतीचे योग्य प्रमाण.

३६/ तिसऱ्या फाइलीचे काय झाले? पुढच्या सुटीत विद्यार्थ्याने आबांना पुन्हा बसवले. या वेळी प्लेअर त्याचा स्वतःचा होता. आबांनी पेवाची गोष्ट पुन्हा सांगितली. ज्वारी किती होती, रात्र कशी होती, पाऊस होता, कुत्री भुंकत होती, सगळे आले. नाव मात्र आले नाही. "कोणीतरी दाखवलं," एवढेच ते म्हणाले.

३७/ नातवाने विचारले, "आबा, मागच्या वेळी तुम्ही नाव सांगितलं होतं." आबांनी त्याच्याकडे पाहिले. "सांगितलं असंल. आता कामून पाहिजे तुला? त्याची नातवंडं तुझ्यासंगं शाळेत होती." नातवाने आग्रह धरला नाही. त्याला ते आडनाव आठवत होते. पण आठवलेले नाव आणि ऐकलेले नाव यांत फरक असतो, आणि तो फरक वर्षागणिक वाढत जातो.

३८/ तंत्राच्या चुकीने पुरावा गेला आणि माणसाच्या शहाणपणाने तो पुन्हा दिला नाही. इतिहासाचा अभ्यासक म्हणून त्या घटनेकडे पाहिले, तर हानी झाली. गावाचा माणूस म्हणून पाहिले, तर कदाचित आबांनी एक पेव मुद्दाम बंदच ठेवले. कोणते उघडायचे, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा होता. मात्र पहिल्या वेळी त्यांनी तो वापरला होता आणि नाव सांगितले होते. ते जपण्याची जबाबदारी नातवाची होती.

३९/ जे तरुण आज आजी-आजोबांच्या आठवणी फोनवर टिपत आहेत, त्यांच्यासाठी या कहाणीतून काही साध्या गोष्टी निघतात. एक प्रत म्हणजे प्रत नव्हे, दुसरी वेगळ्या जागी असावी. फाइल पाठवल्यावर ती ज्या ठिकाणी गेली तेथे उघडून शेवटपर्यंत ऐकावी. लिनक्स असो वा अन्य काही, 'सुरक्षितपणे काढा' या सूचनेला मान द्यावा. मूळ प्रत, दुसरी ऐकून झाल्याशिवाय, पुसू नये. आणि बसची वेळ झाली असेल, तर पुढची बस पकडावी.

४०/ तो १२८ एमबीचा पेन ड्राइव्ह त्याच्याकडे अजून आहे. आजच्या लिनक्सवर लावला की तो आपोआप चढतो, पासवर्ड कोणी विचारत नाही. तीन नावे दिसतात. तिसऱ्याचे नाव 'पेव', आकार शून्य बाइट. तो ती फाइल पुसत नाही. पाहून झाल्यावर 'उतरवा' या खुणेवर बोट ठेवतो, काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबतो, आणि मगच ड्राइव्ह काढतो.

(समाप्त)